ताणावर तासभर बोलायचं असेल तर

स्पर्धा परीक्षेची तारीख जाहीर झाली की पुण्याच्या नव्या पेठेतल्या, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांचे मालक मला फोन करतात. ‘मॅडम, पोरं फार टेन्शनमध्ये आहेत, तासभर येऊन बोलता का?’ मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर हे काम आपसूक अंगावर आलं आणि आवडलंही. पण सगळ्यांना हो म्हणणं आता गुडघ्यांना परवडत नाही. या अभ्यासिका हटकून तिसऱ्या मजल्यावर असतात आणि लिफ्टचा पत्ता नसतो. म्हणून अलीकडे मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना पाठवते. जायच्या आदल्या रात्री त्यांचा ठरलेला मेसेज येतो: मॅडम, बोलू काय? त्याचं उत्तर एकदाचं नीट लिहून ठेवते आहे. शाळेत, सोसायटीत, हिंजवडीच्या एखाद्या कंपनीत बोलायचं असलं तरी हेच चालेल, उदाहरणं तेवढी बदला.

काय करायचं नाही ते आधी सांगते. ‘डोळे मिटा, खोल श्वास घ्या’ अशी सुरुवात करू नका. श्वासाशी माझं भांडण नाही, पण समोरच्याने ते इतक्यांदा ऐकलेलं असतं की डोळे मिटून तो मनातल्या मनात चालू घडामोडींची उजळणी करायला लागतो. कुरुक्षेत्रावर अर्जुनाला सुटलेला कंप आणि तोंडाला पडलेली कोरड हे उदाहरण चोख आहे, पण पुण्यात ते प्रत्येक वक्ता वापरतो, आणि मग प्रश्नोत्तरांची गाडी कर्मयोगावर जाऊन थांबते. तिसरं, व्याख्या पडद्यावर टाकू नका. ताणाची कल्पना गेल्या शतकभरात बरीच बदलत गेली. ती का बदलली हे कळलं, तर ऐकणाऱ्याला स्वतःच्या ताणाचं काय करायचं याचाही अंदाज येतो. म्हणून व्याख्या शेवटी.

तुम्हाला तासाभरात पोचवायची गोष्ट एकच आहे. आपल्यावर येऊन पडलेलं ओझं आणि ते पेलायला आपल्या हाताशी असलेलं बळ, या दोहोंचा मेळ बसत नाही असं आपल्याला वाटतं, तेव्हा ताण येतो. यातलं ‘आपल्याला वाटतं’ फार महत्त्वाचं आहे, आणि ओझं खरं असतं हेही तितकंच. या दोन्ही गोष्टी एकदम धरून ठेवणं अवघड जातं. बहुतेक व्याख्यानं त्यातली एक सोडून देतात.

नाडी आणि १०२२

सुरुवात नाडीने करा. मनगटावर अंगठ्याच्या मुळाखाली दुसऱ्या हाताची दोन बोटं ठेवायला सांगा. अंगठ्याने नाडी बघू देऊ नका, त्याचे स्वतःचे ठोके जाणवतात आणि मोजणी चुकते. पंधरा सेकंद मोजायचं, चारने गुणायचं, आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहायचा. मग सांगा, १०२२ मधून मनातल्या मनात १३ वजा करत जा. १००९, ९९६, ९८३... अर्धा मिनिट जाऊ द्या. मुलं खुशीत असतात, कारण गणिताच्या पेपरची सवय असते. मग म्हणा, ‘आता मी एकाला उभं करणार. त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने करायचं. चुकला की पुन्हा १०२२ पासून.’ आणि रांगांवरून सावकाश नजर फिरवा.

त्या वेळी हॉलकडे नीट बघा. पंख्याची घरघर एकदम ऐकू यायला लागते. कुणाला अचानक तहान लागते आणि बाटलीचं झाकण उघडलं जातं. मागच्या रांगेतला पुढच्याच्या पाठीआड सरकतो. चुणचुणीत दिसणारी एखादी मुलगी ओठ हलवत पुढचे आकडे तयार करून ठेवते. आता पुन्हा नाडी मोजायला लावा. पुष्कळांचा आकडा वर गेलेला असतो. मग लगेच सांगून टाका की कुणालाही उभं करणार नाही. आणि खरंच करू नका. या खोलीतली मुलं आधीच एकमेकांशी तुलना करून कावलेली असतात. चार टाळ्यांसाठी कुणाची शोभा करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

ही युक्ती माझी नाही. १९९३ साली जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात क्लेमेन्स किर्शबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताण मोजण्यासाठी एक चाचणी बसवली. फार तर दहा मिनिटांच्या तयारीवर पाच मिनिटं भाषण करायचं, तेही चेहऱ्यावरची रेष न हलवणाऱ्या परीक्षकांसमोर. आणि मग १०२२ मधून १३ वजा करत जायचं. जगभरच्या प्रयोगशाळांत ती आजही वापरतात. पोरांना विचारा: वजाबाकी तीच होती, खुर्ची तीच, पंखा तोच. मग नाडी कशाने वाढली? उत्तर देऊ नका. प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा.

मांजर, मग उंदीर

इथून मागे जायचं. एकोणिसावं शतक संपता संपता क्ष-किरणांचा शोध लागला, आणि त्यानंतर लगेचच वॉल्टर कॅनन हार्वर्डमध्ये वैद्यक शिकायला लागले. मांजराच्या खाण्यात बिस्मथ मिसळायचं, म्हणजे क्ष-किरणांत अन्न उठून दिसतं, आणि जठराची घुसळण बघत बसायचं, असं त्यांचं काम. मांजर बिथरलं की घुसळण थांबायची. शांत झालं की पुन्हा सुरू. या थांबण्याचा कॅनन यांनी पिच्छा पुरवला आणि १९१५ मध्ये ‘लढा किंवा पळा’ ही कल्पना मांडली. धोका दिसला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात, हृदय जोरात चालतं, रक्तात साखर उतरते, रक्त स्नायूंकडे वळतं आणि पचनाचं दुकान तात्पुरतं बंद होतं. पेपरच्या दिवशी सकाळी पोहे घशाखाली उतरत नाहीत ते यामुळेच. एवढं सांगितलं की हॉलमध्ये हमखास हशा पिकतो. पोटात गोळा येणं हा आपला नेभळटपणा नाही, शरीर आपलं काम चोख करतंय, हे कळल्याचा तो हशा असतो. कॅननवर पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नका.

वेळ घालवायचा तो हान्स सेल्ये यांच्यावर. जन्म व्हिएन्नातला, १९०७ चा. प्रागमध्ये डॉक्टरकी शिकताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. रुग्णांचे आजार वेगवेगळे, पण भूक मेलेली, अंग मोडून आलेलं, चेहरा उतरलेला, हे सगळ्यांचं सारखंच. नुसतं ‘आजारी असणं’ असं काही वेगळं असतं की काय? पुढे माँट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठात ते उंदरांना बीजांडकोशाचा अर्क टोचत होते. एखादं नवं संप्रेरक गवसेल ही आशा. उंदरांत तीन बदल दिसले. अ‍ॅड्रिनल ग्रंथी मोठ्या झालेल्या, थायमस आणि लसिका ग्रंथी आक्रसलेल्या, जठरात आणि लहान आतड्याच्या तोंडाशी व्रण. शोध लागला म्हणायचा! मग वारेचा अर्क टोचून पाहिला, तर तेच. दुसऱ्या अवयवांचे अर्क, तेच. शेवटी फॉर्मॅलिन टोचलं, ज्यात संप्रेरकाचा मागमूसही नाही, तरी तेच, उलट जास्त ठळक. संप्रेरकाचं स्वप्न तिथेच संपलं.

दुसरा कुणी असता तर उंदीर बदलले असते. सेल्ये यांना प्रागमधले रुग्ण आठवले. मग त्यांनी उंदरांना थंडीत ठेवलं, दमेस्तोवर पळवलं, जखमा केल्या. शरीराचं उत्तर एकच. ४ जुलै १९३६ च्या ‘नेचर’मध्ये यावर त्यांचं एक छोटंसं पत्र छापून आलं, पानभराचंही नाही. त्याच्या शीर्षकात स्ट्रेस हा शब्द नाही, ‘विविध अपायकारक घटक’ एवढंच आहे. स्ट्रेस ही कल्पना त्यांनी पुढे रूढ केली. तोवर ती मुख्यतः इंजिनिअरांची, लोखंडावर आणि पुलावर किती भार येतो याची.

सेल्ये यांनी तीन टप्पे सांगितले: धोक्याची घंटा, तग धरणं आणि दमछाक. पोरांसाठी मधला टप्पा समजावून सांगा. तग धरलेला माणूस बाहेरून ठणठणीत दिसतो. घंटा वाजताना दिसणारी धडधड थांबलेली असते, तो वेळेवर उठतो, वेळेवर खुर्चीत बसतो, ‘आता सवय झाली’ म्हणतो. पण तो जे वापरतोय ते साठवणीतलं आहे. अभ्यासिकेत तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला बसलेली मुलं हे ऐकताना मान वर करतात. पुढे १९९३ मध्ये ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर यांनी याच झिजेचा हिशेब जास्त नीट मांडला. शरीर पुन:पुन्हा जुळवून घेत राहिलं की त्या जुळवून घेण्याचीच किंमत रक्तवाहिन्यांपासून झोपेपर्यंत सगळीकडे द्यावी लागते.

सेल्ये यांच्याबद्दल दोन गोष्टी लपवू नका, कारण मागून कुणीतरी मोबाइलवर शोधून हात वर करतोच. एक, उंदरांना व्रण झाले म्हणून माणसाचा अल्सर ताणानेच होतो असं वैद्यक बरीच वर्षं धरून चाललं. १९८० च्या दशकात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू पुढे आणला आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तेव्हा पोट दुखतंय तर ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणून भागत नाही, डॉक्टरकडे पाठवा. दुसरी गोष्ट जास्त बोचरी. सेल्ये यांनी तंबाखू कंपन्यांकडून पैसे घेतले होते, हे त्या कंपन्यांच्याच कागदपत्रांतून नंतर बाहेर आलं. दोष सगळा ताणावर ढकलता आला तर सिगरेट सुटते, एवढा साधा हिशेब. आजही कुणी सगळं खापर ताणावर फोडायला लागलं की मी आधी बघते, यात सुटतंय कोण.

उपाशी माकडं

सेल्ये यांचं म्हणणं, कारण काहीही असो, उत्तर एकच. जॉन मेसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने यातल्या उणिवेवर बोट ठेवलं. या सगळ्या प्रयोगांत प्राणी घाबरलेलाही असायचा, त्याचं काय? माकडांना उपाशी ठेवलं की त्यांच्यात ताणाची संप्रेरकं वाढायची. पण त्याच खोलीत दुसऱ्या माकडांना खायला मिळत होतं आणि ही बघत बसायची. मेसन यांनी उपाशी माकडांना वेगळं ठेवलं आणि फळाच्या चवीच्या, पण पोषण शून्य अशा गोळ्या खायला दिल्या. उपास तोच. संप्रेरकं मात्र वाढली नाहीत.

हे पुण्यात समजावून सांगणं फार सोपं आहे. रविवारी रात्री मेस बंद असते म्हणून घडलेला उपास आणि आषाढीचा उपास, दोन्हीत पोट सारखंच रिकामं. पण पहिल्यात जीव कावतो आणि दुसऱ्यात माणूस दिवसभर प्रसन्न असतो. (साबुदाण्याचा मुद्दा कुणी काढलाच तर हसून पुढे जा.)

शरीर आणि परिस्थिती यांच्या मध्ये काहीतरी बसलेलं आहे, ही शंका युद्धानेही बळकट केली होती. पहिल्या महायुद्धात अंगावर एकही जखम नसलेले सैनिक थरथरत, मुके होऊन परत यायला लागले. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांच्याविषयी ‘शेल शॉक’ म्हणून लिहिलं. काहींच्या मते ते भेकड होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वैमानिकांवर ग्रिंकर आणि स्पीगल यांनी काम केलं, तेव्हा सूर बदललेला होता: निवडून घेतलेला, धडधाकट माणूससुद्धा पुरेसा मार बसला की मोडतो.

मग येतात रिचर्ड लाझारस. १९६० च्या दशकात बर्कलीला त्यांनी लोकांना सुतारकामाच्या कारखान्यातल्या अपघातांची फिल्म दाखवली. करवत, बोटं, रक्त. बघताना हृदयाचे ठोके आणि त्वचेतून जाणारी वीज मोजली. काहींना आधी सांगितलं होतं की हे नट आहेत, कुणालाही इजा झालेली नाही. काहींना सांगितलं की सुरक्षेचं प्रशिक्षण कसं देतात ते तटस्थपणे बघा. या दोन्ही गटांची शरीरं, काहीच न सांगितलेल्यांपेक्षा शांत राहिली. पडद्यावरचं रक्त तेवढंच होतं. १९६६ च्या पुस्तकात आणि मग १९८४ मध्ये सुझन फोकमन यांच्यासोबत त्यांनी यातून जे काढलं, ते दोन प्रश्नांत बसतं. ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. यात माझं काय पणाला लागलंय? आणि, याला तोंड द्यायला माझ्याकडे काय आहे? हे प्रश्न कुणी बसून विचारत नाही, क्षणार्धात मनात होऊन जातात. पहिल्याचं उत्तर ‘बरंच’ आणि दुसऱ्याचं ‘पुरेसं नाही’ असं आलं की ताण. ही तुमची व्याख्या. आता सांगा.

इथे एक खड्डा आहे आणि बरेच वक्ते त्यात पडतात. ‘म्हणजे सगळं आपल्या मानण्यावर आहे!’ असं म्हणून ते टाळ्या घेतात. लाझारस असं म्हणाले नाहीत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खऱ्या गोष्टींवर अवलंबून असतं: खिशात किती आहे, पाठीशी कोण आहे, निर्णय कुणाच्या हाती आहे. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९६७ पासून व्हाइटहॉल नावाचा अभ्यास सुरू झाला. लोकांना वाटायचं हृदयविकाराने साहेब मरतात, जबाबदारी त्यांच्यावर ना! मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांना उलटं दिसलं. हुद्दा जितका खालचा, तितकं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त. बिडी-सिगरेट, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही फरक पूर्ण मिटेना. १९७९ मध्ये रॉबर्ट कारासेक यांनी मांडलं की नोकरीत मागणी भरपूर आणि मुभा कमी, ही जोडी सगळ्यात वाईट. कंपनीत बोलायला गेलात तर हा भाग जरूर सांगा. तुम्हाला बोलावणाऱ्या एचआरला तो आवडेलच असं नाही.

तारीख

मुभेइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे अंदाज. जे वाइस यांनी उंदरांच्या जोड्यांना सारखेच विजेचे धक्के दिले. एकाला धक्क्याआधी आवाज ऐकू यायचा, दुसऱ्याला आवाज यायचा पण त्याचा धक्क्याशी संबंध नसायचा. दुसऱ्याला जठराचे व्रण कितीतरी जास्त झाले. वीज दोघांना तितकीच बसली होती. पहिल्याला निदान हे कळत होतं की आवाज नाही तोवर निवांत बसायला हरकत नाही.

अभ्यासिकेत हे सांगून थांबा आणि विचारा, मार्च २०२१ कुणाला आठवतं? राज्यसेवेची पूर्वपरीक्षा १४ मार्चला होती. कोविडमुळे ती आधीही पुढे गेलेली. ११ मार्चला बातमी आली की पुन्हा पुढे ढकलली. शास्त्री रस्ता मुलांनी भरून गेला. अखेर परीक्षा २१ मार्चला झाली. आता नुसता हिशेब बघा: एक आठवडा जास्त मिळाला, म्हणजे ओझं हलकं व्हायला हवं होतं. टीव्ही बघणाऱ्या काकांनी तेच विचारलं, ‘अभ्यासाला वेळ मिळाला तर रडतात कशाला?’ ज्याला वाइस यांचे उंदीर माहीत आहेत तो असं विचारणार नाही. तारीख हा मुलांसाठी तो आवाज होता. खोली कधी सोडायची, गावाकडे कधी जायचं, घरून पैसे किती मागवायचे, सगळं त्या एका तारखेला बांधलेलं असतं. ती हलली की आठवडा मिळत नाही, पायाखालची जमीन सरकते.

आता फळ्यावर सुरुवातीला लिहिलेल्या प्रश्नाकडे परत जा: नाडी कशाने वाढली? डिकरसन आणि केमेनी यांनी २००४ मध्ये प्रयोगशाळेतले २०८ अभ्यास एकत्र तपासले. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सगळ्यात जास्त कधी वाढतं? काम आपल्या आवाक्याबाहेर जातंय आणि लोक आपल्याला जोखतायत, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की. मग पोरांना सांगा: तुमची वजाबाकी तीच होती. मी नजर फिरवली.

कागद

उरलेली वीस मिनिटं कागदाला द्या. कोरा कागद, मधोमध उभी घडी. डाव्या बाजूला ‘माझ्याकडून काय मागितलं जातंय’, उजव्या बाजूला ‘माझ्या हाताशी काय आहे’. तळाला दोन ओळी: ‘काय कळत नाहीये’ आणि ‘कुणाची नजर’. नाव लिहायचं नाही, कागद कुणाला दाखवायचा नाही.

पहिल्यांदा डावीकडे सगळे एकच लिहितात: पास व्हायचंय. फिरत फिरत सांगा की हे फार मोठं झालं, याचे तुकडे करा. परभणीकडच्या एका मुलाने परवानगी दिली म्हणून त्याचा कागद मी उदाहरण म्हणून सांगते. तुकडे केल्यावर त्याची डावी बाजू अशी झाली: आधुनिक इतिहास राहिलाय. सीसॅटला (पूर्वपरीक्षेतला कल चाचणीचा पेपर) वेळ पुरत नाही. मेसचे पैसे थकलेत. बहिणीचं लग्न ठरलंय, मी तिथे काहीच करत नाहीये. दर रविवारी बाबांचा फोन येतो. कुणाची नजर? बाबा, चुलते आणि त्याच्याच बॅचचा एक मित्र जो पीएसआय झाला. अभ्यासाच्या गोष्टी दोनच, बाकी सगळ्या अभ्यासाबाहेरच्या, आणि हा पठ्ठ्या मात्र रात्री दोनपर्यंत पुस्तकं उघडून त्या सगळ्यांवर एकच औषध करत होता.

बहिणीचं लग्न बघून कुणी म्हणेल, आनंदाच्या गोष्टीचा कसला ताण? इथे जीवनघटनांच्या मोजपट्टीचा उल्लेख करा. १९६७ मध्ये होम्स आणि राहे यांनी ४३ घटनांची यादी केली. जोडीदाराचा मृत्यू १०० गुण, स्वतःचं लग्न ५०, इतकंच काय, नाताळालाही १२. चांगला असो वा वाईट, बदल झाला की घडी पुन्हा बसवावी लागते, हे त्यामागचं सूत्र. १९८४ मध्ये गुरमीत सिंग आणि सहकाऱ्यांनी भारतासाठी ५१ घटनांची यादी केली. तिच्यात मुलीचं किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्या बहिणीचं लग्न आहे, तीर्थयात्राही आहे. ज्यांनी घरातलं कार्य उभं केलंय त्यांना हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही. पण गुणांची बेरीज करायला मात्र कुणाला लावू नका. लाझारस वाचल्यावर तुम्हालाही कळेल की एकच घटना दोघांना सारखी लागत नाही.

कागद भरला की प्रत्येक तुकड्यापुढे एक खूण: हलवता येईल की नाही. हलवता येण्यासारखं असेल तर काम काढायचं. मेसच्या मावशींशी हप्त्यांबद्दल बोलणं हे काम आहे. त्या मुलाने रविवारच्या फोनचं एक छान केलं. वाट बघत बसण्यापेक्षा बुधवारी संध्याकाळी स्वतःच फोन लावायला लागला, आणि आधी बहिणीच्या लग्नाचं विचारायचं, अभ्यासाचं नंतर. वडील तेच, प्रश्नही तेच; वेळ मात्र त्याने ठरवलेली. जे हलवता येत नाही, उदाहरणार्थ निकाल लागायची वाट, तिथे मनाची समजूत, मित्र, तळजाई टेकडीवरची चक्कर. आणि हो, तिथे खोल श्वास. फोकमन आणि लाझारस यांनी हे दोन मार्ग वेगळे केले होते. थकलेल्या मेसबिलावर प्राणायाम आणि न लागलेल्या निकालावर रोज दहा वेळा वेबसाइट उघडणं, या दोन्हींत औषधांची अदलाबदल झालेली असते.

प्रश्नोत्तरं

सोसायटीत बोललात तर एक आजोबा उठणारच: ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’ त्यांना जॉर्ज बिअर्ड सांगा. १८८१ मध्ये या अमेरिकन डॉक्टरने लिहिलं की लोकांच्या नसा थकत चालल्या आहेत आणि त्याची कारणं म्हणजे वाफेची इंजिनं, तारायंत्र, वर्तमानपत्रं, विज्ञान आणि बायकांचं डोकं वापरणं. शेवटचं कारण मी जरा सावकाश वाचते.

‘थोडा ताण चांगला असतो ना?’ हा दुसरा हमखास प्रश्न, सोबत घंटेच्या आकाराचा आलेख. त्याचं मूळ यर्क्स आणि डॉडसन यांच्या १९०८ च्या प्रयोगात आहे, आणि तो प्रयोग उंदरांवर विजेचे धक्के देऊन केला होता, सेल्स टार्गेटवर नाही. अवघड कामाला हलका धक्का बरा, सोप्या कामाला जोराचा चालतो, असं त्यातून निघतं. तेवढंच सांगा. वरिष्ठांनी टार्गेट वाढवण्यासाठी तो आलेख दाखवला तर यातल्या ‘अवघड कामाला हलका’ची आठवण करून द्या.

आणि एक फरक स्पष्ट बोला. ताण आणि आजार एक नव्हेत. दोन आठवडे झाले तरी झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, किंवा जगून काय करायचं असं मनात येतंय, तर कागदाची घडी पुरणार नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, फोन फुकट, कुठल्याही वेळी.

तास संपला की लगेच चपला घालू नका. सगळ्यांसमोर कुणी खरं विचारत नाही. पाण्याच्या फिल्टरपाशी रेंगाळा, मालकाने चहा मागवला असेल तर तो सावकाश प्या. कुणीतरी येतं, सुरुवात ‘माझ्या एका मित्राचं असं झालंय’ अशीच असते. मित्र म्हणूनच ऐकून घ्या, सल्ला द्यायची घाई नको. गरज वाटली तर त्याच्या समोर बसूनच १४४१६ लावून द्या. फळ्यावरचे लाझारसचे दोन प्रश्न आणि हा नंबर पुसायचा नाही, हे मालकाला निघण्याआधी सांगून ठेवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथे फीची तारीख लिहिलेली असते.